डॉ. कोटणीस आणि आपल्या घरातील तरुण

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आटोपल्यावर आणि भोजनाची पाने मांडली जाण्यापूर्वी जो अर्धा-पाऊण तास उरतो, तो ह्या वर्षी आमच्या वाट्यास आला आहे. ह्या वेळी बोलणाऱ्याने श्रोत्यांच्या भुकेची जाणीव ठेवावी, असा आपल्या मेळाव्याचा अलिखित नियम आहे. आमटीचा वास आम्हालाही येत आहे. तेव्हा प्रस्तावना न लांबविता मूळ गोष्टीस हात घालतो.

गेल्या महिन्यात मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक अर्ज आला. अर्ज करणारी आपलीच अकरा मुले-मुली. वय अठरा ते बावीस. त्यांचे म्हणणे असे, की आपल्या शहरातील सरकारी रुग्णालयात, ज्याला आपण सारे नुसते ‘सिव्हिल’ म्हणतो, तेथे अक्कलकोट, मंगळवेढा, धाराशिवपासून थेट विजयपूर-कलबुर्गीपर्यंतचे रुग्ण येतात. त्यांच्याबरोबरच्या नातेवाइकांना केसपेपर कोठे काढावयाचा, रक्ताची चिठ्ठी घेऊन कोठे जावयाचे, कोणत्या योजनेस कोणता कागद लागतो, ह्यातले काही उमगत नाही. कित्येकांना मराठी वाचता येत नाही. कित्येकांना कानडीवाचून दुसरी भाषा येत नाही. अशांच्या मदतीस आम्ही रोज सायंकाळी दोन तास आळीपाळीने बसू इच्छितो. मंडळाने आम्हांस पत्र द्यावे, ओळखीचा बिल्ला द्यावा आणि पाठीशी उभे राहावे. अर्ज एवढाच.

ह्या अर्जावर कार्यकारिणीत पावणेदोन तास चर्चा झाली. आम्ही त्या बैठकीस हजर होतो. दोन आक्षेप निघाले. पहिला असा, की मंडळाचा पैसा ज्ञातिबांधवांच्या वर्गणीचा आहे, तेव्हा ही सेवा आपल्या ज्ञातीच्या रुग्णांपुरती ठेवावी. दुसरा आक्षेप आईबापांचा. मुलांचा अभ्यास बुडेल, दवाखान्यातून नाही नाही ते रोग घरी येतील, मुलींना सायंकाळी तेथे कसे पाठवावयाचे? निर्णय पुढे ढकलला गेला. आणि जे निर्णय पुढे ढकलले जातात, त्यांच्यावर मेळाव्यात एक भाषण ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. ते भाषण म्हणजे हे.

आम्ही पंडित नाही. आयुष्य शिक्षकी पेशात गेले. तेव्हा तत्त्वचर्चा न करता आपल्याच गावातील एका मुलाची हकिकत सांगतो. भैय्या चौकातून जाता-येता आपण त्याचे घर पाहिले असेल. २०१२ सालापासून तेथे स्मारक उभे आहे. तरीसुद्धा ‘तुमच्यापैकी किती जण आत जाऊन आले?’ असे विचारले, तर ह्या सभागृहात हात फार वर येणार नाहीत, अशी आम्हांस भीती आहे. बाहेरगावचा पाहुणा आला म्हणजे आपण त्याला सिद्धेश्वराला नेतो, चादरी दाखवितो, शेंगाचटणी बांधून देतो. तेथे नेत नाही.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस ह्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वडील गिरणीत नोकरीस. घरात तीन भाऊ आणि पाच बहिणी. अशा घराचा प्रपंच कसा चालत असेल, हे गिरणीगावातल्या माणसांना वेगळे सांगावयास नको. भोंग्यावर उठणारे आणि पगाराच्या तारखेवर श्वास घेणारे असे ते दिवस. त्या संसारातून एका मुलाने मुंबईस जाऊन सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर व्हावे, ही साऱ्या कुटुंबाने मिळून उभी केलेली गोष्ट होती. पदवी हाती आली, पुढच्या परीक्षेची तयारी सुरू झाली. आता दिवस पालटणार, असे त्या घरास वाटले असेल, तर त्यात गैर ते काय?

आणि नेमक्या त्याच वेळी हाक आली.

१९३७ च्या जुलैत जपानने चीनवर मोठे आक्रमण सुरू केले होते. जनरल चू तेह ह्यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना मदतीची विनंती केली. सुभाषबाबू त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी ३० जून १९३८ रोजी वृत्तपत्रांतून आवाहन केले. जुलैमध्ये चीन दिन पाळून लोकांकडून निधी जमविण्यात आला. सुमारे २२,००० रुपये जमले. एक रुग्णवाहिका आणि औषधे घेऊन पाच डॉक्टरांचे पथक जावयाचे ठरले. हा देश त्या वेळी स्वतः परतंत्र होता, हे तरुण मित्रांनी क्षणभर ध्यानात आणावे. आपले हात बांधलेले असताना दुसऱ्याच्या जखमेवर पट्टी बांधण्यास निघालेली ती माणसे होती.

पथकाचे प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल. हे आधी स्पेनच्या यादवीत लोकशाहीच्या बाजूने वैद्यकीय मदत करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर पन्नाशी ओलांडलेले. कलकत्त्याहून डॉ. बासू आणि डॉ. मुखर्जी हे दोन तरुण. आणि पाचवे, सोलापूरचे कोटणीस, अद्याप अठ्ठावीस वर्षांचेही पूर्ण न झालेले.

ह्या मुलाने घरी विचारले. येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते, कारण आजच्या आपल्या प्रश्नाचे मूळ ह्या जागी आहे. त्या घरातील भगिनींनी पुढे सांगितले आहे, की चीनविषयी त्यांना माहिती ती काय, तर दारोदार चिनी रेशीम विकत फिरणारे फेरीवाले. देश कोठे, भाषा कोणती, युद्ध कसले, काहीच ठाऊक नाही. मुलगा हाताशी आला, तोच समुद्रापार रणभूमीवर जातो म्हणतो. आईच्या मनाचे काय झाले असेल ते माउल्यांनीच जाणावे. पण वडिलांनी संमती दिली. ‘आधी पाठच्या भावंडांचे पाहा, मग जगाचे’ असे ते म्हणू शकले असते, आणि तसे म्हणणाऱ्या बापास कोणीही नावे ठेवली नसती. आपण सेवेची चरित्रे वाचतो, तेव्हा जाणाऱ्याचे गुण गातो. ज्याने दार उघडून धरले, त्याचा उल्लेख एका ओळीत उरकतो. शांतारामपंतांच्या त्या होकाराचा फोटो कोठे निघालेला नाही. आमच्या मते, चरित्रातला सर्वांत अवघड शब्द तोच आहे.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघाले. कँटन, हँकौ, चुंगकिंग असा प्रवास करीत, मागे मागे शहरे पडत असताना, ते १९३९ च्या फेब्रुवारीत येनानला पोहोचले. वाटेतच कोटणिसांना वडील वारल्याची वार्ता कळली. सोबत्यांनी परत जाण्यास सांगितले. तसे करण्यात कसलीही लाज नव्हती. ते गेले नाहीत. ह्या निर्णयाचे आम्ही नुसते कौतुक करून पुढे जाणार नाही. घरी मागे राहिलेल्यांना तो किती जड गेला असेल, हेही मनात येते. मोठ्या माणसांच्या मोठ्या निर्णयांची किंमत पुष्कळदा दुसऱ्या कोणीतरी चुकती केलेली असते. असो.

पुढे पथकातील एकेक जण परतू लागला. कोणी आजारी पडले, कोणाचे वय झालेले होते, ज्याला जितके जमले तितके त्याने केले. त्यांत उणे मानण्याजोगे काही नाही. कोटणीस आणि बासू हे दोघे मात्र आघाडीच्या प्रदेशात गेले. कॅनडाचे विख्यात शल्यवैद्य नॉर्मन बेथ्यून तेथे काम करीत होते. पण शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेतून रक्त दूषित होऊन नोव्हेंबर १९३९ मध्येच त्यांचे निधन झाले होते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाची प्रमुखपदाची जबाबदारी १९४१ च्या जानेवारीत आपल्या सोलापूरच्या डॉक्टरवर आली.

चित्रपटात आणि भाषणांत एक प्रसंग नेहमी सांगितला जातो: १९४० च्या लढाईत त्यांनी सतत बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्या, आणि त्या मोहिमेत आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. प्रसंग थोर आहे. तथापि आमच्यासारख्या शिक्षकास त्याहून मोठी वाटणारी गोष्ट निराळी आहे. हा माणूस चिनी भाषा शिकला. तोडकीमोडकी नव्हे, त्या भाषेत तो तेथील तरुणांना वैद्यकी शिकवू लागला, आणि शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहावयास बसला. कल्पना करा. आपल्याकडील मोडी वाचताना आपण टेकीस येतो, आणि हा सोलापूरकर चित्रलिपीत शरीराच्या शिरा-धमन्यांचे वर्णन लिहितो आहे. बहात्तर तास जागणे एखाद्या आवेशात होऊन जाते. भाषा आवेशात येत नाही. ती रोज सकाळी उठून शिकावी लागते, चुकावे लागते, पोरांना आपल्यावर हसू द्यावे लागते.

तेथील लोक त्यांना ‘के दिहुआ’ म्हणू लागले. क्वो छिंगलान नावाच्या परिचारिकेशी त्यांनी १९४१ च्या अखेरीस विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव इनहुआ, म्हणजे ‘इन’ हा भारत आणि ‘हुआ’ हा चीन. त्याच वर्षी ते तेथील कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. येथील अनेकांस ही गोष्ट सांगावीशी वाटत नाही, पण झाले ते झाले. चरित्र सोयीपुरते सांगू नये. अपस्माराचे झटके येत होते, तरी काम चालूच होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

त्यांची समाधी आज शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत, बेथ्यून ह्यांच्याच आवारात आहे. त्या शहरातील एका वैद्यकीय विद्यालयास त्यांचे नाव आहे. १९८२ साली चीनने आणि १९९३ साली भारताने त्यांच्यावर टपाल तिकिटे काढली. मुलगाही डॉक्टर होण्याच्या वाटेवर होता. १९६७ साली, शिक्षण चालू असताना, तो गेला. क्वो छिंगलान ह्या मात्र दीर्घायुषी झाल्या. २०१२ साली, म्हणजे सोलापुरात पतीच्या घरी स्मारक झाले त्याच वर्षी, त्यांचे निधन झाले. मध्यंतरी ह्या दोन देशांमध्ये १९६२ चे युद्ध झाले, २०२० साली गलवानचा रक्तपात झाला. आमचा धाकटा पुतण्या आम्हांस विचारतो, ‘काका, मग आता त्यांचा अभिमान बाळगायचा की नाही?’ आम्ही त्याला म्हणालो, ज्या जखमा त्यांनी शिवल्या त्या माणसांच्या होत्या. त्याचे समाधान झाले की नाही, ठाऊक नाही. आजकालची मुले लगेच मान डोलावीत नाहीत, आणि ते एका परीने बरेच आहे.

ख्वाजा अहमद अब्बास ह्यांनी ही कथा पुस्तकरूपाने लिहिली आणि तिच्यावरून १९४६ साली व्ही. शांतारामांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा बोलपट काढला. आमच्या वडिलांनी तो लहानपणी पाहिला होता. त्यात नाट्य पुष्कळ आहे, आणि असणारच. पण ‘हा मनुष्य आपल्या गावचा’ हे वडील ज्या स्वरात सांगत, तो स्वर आमच्या कानात राहिला. सेवेची प्रेरणा म्हणून जे काही म्हणतात, ते आमच्या बाबतीत त्या स्वरापासून सुरू झाले असावे.

आता थोडे स्वतःविषयी. प्रौढी म्हणून सांगत नाही. ऐकल्यावर आपणांस ते पटेलच.

१९९३ साली आम्ही महाविद्यालयात होतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. मिरवणुकीत नाचून, गुलालाने माखून आम्ही रात्री फार उशिरा घरी आलो, आणि पहाटे चारच्या सुमारास फडताळातील भांडी आपोआप वाजू लागली. आई ‘उठा रे’ म्हणून ओरडली. सारी गल्ली रस्त्यावर आली. उजाडेपर्यंत किल्लारीचे नाव कोणास ठाऊक नव्हते. दुपारपर्यंत ते साऱ्या जगास ठाऊक झाले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे झोपेत गाडली गेली होती. दगडमातीची घरे, दोन-दोन हात रुंद भिंती, वर मातीचे माळवद. ज्या भिंतींनी उन्हाळ्यात गारवा दिला, त्याच अंगावर आल्या. मृतांचा आकडा आठ हजारांच्या आसपास गेला.

जखमींना घेऊन वाहने सोलापूरच्या सिव्हिलकडे येऊ लागली. आम्ही चार मित्र निघालो. अण्णा ओट्यावर बसले होते. ते रोखतील असे वाटले होते. ते एवढेच म्हणाले, ‘दोन घास खाऊन जा, तिथं कुणी विचारायचं नाही.’ आईने भाकरी पिठल्यात कुस्करून ताट समोर ठेवले. केसांतला गुलाल तसाच होता.

रुग्णालयात पोहोचल्यावर आमचे अवसान गळाले. जमिनीवर, व्हरांड्यात, जिन्याखाली माणसे. सर्वांच्या अंगावर सारखीच माती, त्यामुळे म्हातारे कोण आणि तरुण कोण हेही कळेना. आम्ही एका खांबाशी उभे राहून रडू लागलो. तेवढ्यात एक वयस्क परिचारिका आली, तिने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. सलाईनची बाटली आमच्या हातात दिली आणि म्हणाली, ‘रडायचं तर बाहेर जा. थांबायचं तर ही धर, आणि हात खाली आणू नकोस.’ खुंट्या संपल्या होत्या. खाटेवर एक आजी होत्या. आम्ही ती बाटली किती वेळ धरून उभे होतो सांगता येणार नाही. हात बदलीत होतो, खांदा भरून येत होता. आजी मधूनच डोळे उघडून ‘कुणाचा रं तू?’ असे विचारीत. आम्ही वडिलांचे नाव सांगितले. त्या म्हणाल्या, ‘नाही ओळखत.’ आणि पुन्हा डोळे मिटले. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. शेवटी आम्ही म्हणालो, ‘तुमचाच हाय, आजी.’ मग त्यांनी विचारणे थांबविले.

आमच्या आयुष्यात कोणाच्या उपयोगी पडल्याचा प्रसंग असेल, तर तो हा. उंच हात करून उभे राहणे, एवढेच त्याचे स्वरूप.

ह्याच्या चार दिवसांनंतरचा प्रसंग तितका बरा नाही. रुग्णालयातील अनुभवाने आम्हांस चेव आला होता. ‘प्रत्यक्ष तेथे गेले पाहिजे,’ असे ठरवून आम्ही गल्लोगल्ली फिरून कपडे गोळा केले आणि एका ट्रकमधून निघालो. ट्रक कोणी दिला, ते नाव सांगण्याचे कारण नाही. दोष आमचाच होता. नळदुर्ग, उमरगा मागे टाकून पुढे गेलो, तो काय दृश्य? रस्त्याच्या दोन्ही कडांना जुन्या कपड्यांचे ढीग, पावसात भिजून चिखल झालेले. आमच्याआधी शेकडो ट्रक तेच घेऊन आले होते. त्यांत भरजरी साड्या होत्या, लहान मुलांचे तंग झालेले कोट होते, एका पायाचा बूट होता. ज्यांचे सर्वस्व गेले, त्या शेतकरी बायांनी ते अंगावर घालावे अशी आमची अपेक्षा होती. सैन्याचे जवान ढिगारे उपसत होते. त्यांतील एकाने विचारले, फावडी आणली आहेत का? हातमोजे? तोंडास बांधावयास फडकी? आमच्याकडे यांतले काही नव्हते. ‘मग रस्ता मोकळा करा,’ तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. आम्ही कपडे त्या ढिगावर उतरविले आणि परतलो. वाटेत कोणी कोणाशी बोलले नाही.

कोटणिसांची कथा आम्हांस तोवर नुसती ऐकून ठाऊक होती. ती समजली ह्या परतीच्या वाटेवर. ते चीनला गेले तेव्हा त्यांच्या हातात विद्या होती, आणि ज्यांना जे हवे तेच घेऊन ते गेले होते. जी भाषा नव्हती, ती जाऊन शिकले. आम्ही गेलो ते आमच्या मनाची हौस घेऊन. तरुणपणी दुसऱ्यासाठी धावावेसे वाटते, ही देणगी फार मोठी आहे. परंतु ते वाटणे चार दिवसांत ओसरते किंवा ट्रकभर कपड्यांत संपते. त्याला कोणीतरी कामाची बाटली हातात द्यावी लागते. ती परिचारिका आम्हांस भेटली नसती, तर त्या व्हरांड्यातून आम्ही रडत घरी आलो असतो आणि आयुष्यभर त्या रडण्यालाच सेवा समजत राहिलो असतो.

म्हणून ह्या अकरा मुलांच्या अर्जाकडे आम्ही आदराने पाहतो. त्यांनी ‘समाजसेवा करू द्या’ असे लिहिलेले नाही. केसपेपरची खिडकी, रक्ताची चिठ्ठी, योजनेचे कागद, असे लिहिले आहे. म्हणजे अर्ज करण्यापूर्वी ती मुले तेथे जाऊन पाहून आलेली आहेत. त्यांतील एका मुलीने कानडी येते म्हणून आपली पाळी विजयपूरची बस येण्याच्या वेळेस ठेवण्याची विनंती केली आहे. एवढा विचार आम्ही त्या वयात केला नव्हता, हे आताच आपणांस सांगून चुकलो.

पहिल्या आक्षेपाविषयी स्पष्ट बोलतो. रोष झाला तरी चालेल. ज्ञातिसंस्था ही वाईट गोष्ट आहे, असे आम्ही म्हणणार नाही. खेड्यातून शिकावयास आलेल्या आपल्या मुलांना ह्या शहरात कोणी खोली देत नव्हते, तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांनी वर्गणी काढून वसतिगृह उभे केले. त्या वसतिगृहाच्या भाकरीवर आम्हीही वाढलो. ती भाकरी विसरणार नाही. परंतु रुग्णालयाच्या खिडकीशी बसलेल्या मुलीने समोरच्या म्हातारीस आधी आडनाव विचारावयाचे, आणि आपले नसेल तर ‘पलीकडे विचारा’ म्हणावयाचे? कार्यकारिणीतील ज्या ज्येष्ठांनी ही सूचना मांडली, त्यांच्या मनात कोणाविषयी द्वेष नाही, हे आम्ही जाणतो. वर्गणीदारांस काय उत्तर द्यावयाचे, ही त्यांची चिंता खरी आहे. पण हिशेबाच्या दृष्टीनेही पाहा: मुले मागतात एक पत्र, अकरा बिल्ले, आणि वर्षाकाठी वह्या-पेनांचा खर्च. गेल्या मेळाव्यात आपण हारतुऱ्यांवर ह्याहून अधिक खर्चिले. आणि ज्या आजींची बाटली आम्ही धरली होती, त्यांची जात आम्हांस आजही ठाऊक नाही. आठवायचा प्रयत्न केला, तर आठवते ती फक्त खांद्याची कळ.

दुसऱ्या आक्षेपाबाबत आमचा सूर निराळा आहे. आईबापांची काळजी ही थट्टेची बाब नव्हे. दवाखान्यात जाणाऱ्याने हात कसे धुवावे, तोंडास काय बांधावे, कोणत्या विभागात पाऊलही टाकू नये, हे शिकविल्यावाचून एकाही मुलास पाठवू नये. करोनाच्या दोन वर्षांनी हे सर्वांस शिकविलेच आहे. परीक्षेच्या महिन्यात पाळी नको. मुलींच्या पाळीस दोघी-दोघी असाव्यात आणि परत आणावयास घरचे कोणी जावे. तेथील अधिकाऱ्यांची लेखी परवानगी हवी. ह्या अटी मुलांनी आनंदाने मान्य केल्या आहेत. रक्तगट तपासणी आणि प्रथमोपचाराचा वर्ग प्रथम व्हावा, ही आमची अट. आपल्याच ज्ञातीतील दोन डॉक्टरांनी तो विनामूल्य घेण्याचे कबूल केले आहे.

इतके करूनही काळजी उरतेच. ती उरणारच. भैय्या चौकातील त्या घरातही ती होती, आणि तेथे ती खरी ठरली. मुलगा परत आला नाही. आम्ही आपणांस चीनला मुले पाठवा म्हणत नाही. घरापासून सायकलीने पंधरा मिनिटांवरच्या व्हरांड्यात, आठवड्यातून एक सायंकाळ, एवढ्यासाठी हा होकार आहे.

अध्यक्षमहाशयांनी आताच चिठ्ठी पाठवून कळविले आहे, की हा प्रश्न भोजनोत्तर सभेत मताला टाकला जाईल. आमची विनंती अशी, की मत देण्यापूर्वी प्रत्येकाने दाराशी ठेवलेली वही पाहावी. तीत अकरा नावे आहेत. प्रत्येक नावापुढे पाळीचा वार, येणाऱ्या भाषा आणि रक्तगट लिहिलेला आहे. शेवटचा रकाना पालकांच्या सहीचा आहे. काल रात्रीपर्यंत त्यात चार सह्या झाल्या होत्या. त्यांतील एक सही आमच्या धाकट्या बंधूंची आहे. आमच्या पुतण्याची पाळी गुरुवारची आहे. सात रकाने रिकामे आहेत, आणि त्या सातांचे आईवडील ह्या सभागृहात बसले आहेत. पेन वहीला दोऱ्याने बांधून ठेवला आहे.

पाने मांडली गेली आहेत.